पत्रिका छापायच्या आधी

अगं, तुझ्या सासरकडचा मेसेज वाचला. मेहंदीला हिरवं, हळदीला पिवळं, संगीताला चमचमतं काहीतरी, लग्नाला लेहंगा, रिसेप्शनला गाऊन. आणि लग्न जळगाव जामोदला, तेही मे महिन्यात! सातपुड्याच्या पायथ्याचं आपलं ऊन तुला मी काय सांगू?

लेहंग्याचा घेर बघशील तेव्हा आतही बघ. फुगवटा येतो तो कॅनकॅनच्या कडक जाळीने. वर नेट, खाली पॉलिस्टरचं अस्तर. घाम जिरायला जागाच नाही. एवढा कापूस पिकवणाऱ्या आपल्या तालुक्यात नवरीने प्लास्टिकच्या धाग्यात उकडत बसावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हळदीचं तर मुळीच पटत नाही. डाग निघत नाही म्हणून बायका जुनं लुगडं नेसून हळद लावायला यायच्या. नवरीला मामाकडची पिवळी साडी, बस्स. आता फोटो एकसारखे यावेत म्हणून पाहुण्यांनीही नवं पिवळं घ्यायचं. आपली काकू निंदायला जाते. एका दुपारच्या फोटोसाठी ती कितीतरी दिवसांची मजुरी घालवेल, नाहीतर येणारच नाही. खरं कारणही सांगणार नाही, तब्येत बरी नव्हती म्हणेल. म्हणून पत्रिका छापायच्या आधीच तुझ्या सासूबाईंशी बोल. गोड बोल, पण बोल. रंगाची ओळ नको म्हणावं.

पैशाचंही ऐक. शिवलेला कपडा २५०० रुपयांच्या वर गेला की सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी लागतो. साडी कापडात मोडते, तिला ५ टक्के. ३०,००० च्या लेहंग्यावर ५,४०० रुपये कर, तेवढ्याच किमतीच्या साडीवर १,५००. आणि लेहंगा पुन्हा कधी घालणार तू?

हौस मारू नकोस हं. येवल्याची हातमागाची पैठणी घे एक. पदर उलटा करून बघ: हातमागावरची नक्षी मागूनही तशीच सुबक दिसते, मागे सुटे धागे लोंबत असतील तर यंत्रावरची समज. सिल्क मार्कचं लेबल माग. रेशीमही उन्हात गरम होतंच, म्हणून मंगलाष्टकं झाली की सुती नेस, कुणी काही म्हणो. पैठणी पुढे मंगळागौरीला, डोहाळजेवणाला, भावाच्या लग्नाला नेसशील.

गाऊनशिवाय चालणारच नसेल तर भाड्याने आण. डिपॉझिट, परत द्यायची तारीख, डागाला किती कापणार, सगळं पावतीवर लिहून घे. आधीचे डाग असतील त्यांचे दुकानातच फोटो काढ.

आणि ब्लाउज शिवायला टाकशील तेव्हा शिवणीत भरपूर माया ठेवायला सांग, म्हणजे पुढे उसवून वाढवता येईल.