यंत्रावरचा दिवा

ज्या यंत्राला वीज लागत नाही त्याचे भय सहसा कोणाला वाटत नाही, आणि म्हणूनच अशा यंत्रावर घरगुती हिकमतीने दिवा बसविताना जी हयगय होते, ती मोटारीवर चालणाऱ्या यंत्राच्या वाट्याला क्वचितच येते. वॉशर आणि पितळी टर्मिनल कापणारा हँडप्रेस, पुस्तकबांधणीचे दाबयंत्र, किंवा परदेशातील नेमबाज ज्यावर आपली रिकामी काडतुसे पुन्हा भरतात तो मेजावरचा छोटा प्रेस, ही सारी एकाच जातीची यंत्रे होत. ती लोखंडी सांगाड्याची असतात, मनुष्याच्या बाहुबळावर चालतात, आणि त्यांवर काम करणाऱ्याची बोटे व नजर एकाच बिंदूवर खिळलेली असतात. काडतूस भरणाऱ्याला तर नळीत दारू किती उंचीपर्यंत आली हे प्रत्येक खेपेस डोळ्यांनी पाहावे लागते, कारण एकाच नळीत ती चुकून दोनदा पडली तर बंदूक हातात फुटण्याचा संभव असतो. तेव्हा उजेड हवा की नको हा वादच नाही. तो कोणत्या रीतीने आणावयाचा, एवढाच विचार करावयाचा आहे.

आमच्या हैदराबादेतील तारनाक्याची ख्याती उस्मानिया विद्यापीठामुळे, राष्ट्रीय पोषण संस्थेमुळे आणि रसायन तंत्रज्ञानाच्या मोठ्या प्रयोगशाळेमुळे झाली असली, तरी पलीकडे लालागुड्याला निजामाच्या अमलापासून रेल्वेचा कारखाना असल्याने या बाजूच्या गल्ल्यांत फिटर-टर्नरांची वस्ती पूर्वापार आहे, आणि माझे स्वतःचे आयुष्यही याच धंद्यात गेले. येथल्याच एका लहान शेडमध्ये, नांदेडकडून येऊन स्थायिक झालेल्या एका होतकरू तरुणाच्या प्रेसवर, ऐन पावसाळ्यात भरदुपारी एका कामगाराला विजेचा धक्का बसला. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या त्या पोराची मूठ दांड्यावरून सुटेना. शेजारच्या माणसाने प्रसंगावधान राखून भिंतीतील पिन उपटली म्हणून तो वाचला, आणि तळहाताच्या भाजण्यावर निभावले. मला बोलावणे आले तेव्हा मालक पुनःपुन्हा एकच विचारीत होता, "काका, मशीनला तर करंटच नाही, आणि दिवाही बंद होता, मग शॉक आला कुठून?"

त्याच्या प्रश्नाचे उत्तर प्रेसच्या मानेवर होते. टेबलावरच्या जुन्या दिव्याची दुपदरी वायर सांगाड्याच्या कडेकडेने नेऊन काळ्या चिकटपट्टीने गुंडाळली होती. तेलाने आणि बल्बच्या उष्णतेने ती पट्टी चिकट लगद्यासारखी होऊन तिच्यात पितळेचा कीस रुतला होता, आणि ती सोलून काढली तो लोखंडाच्या धारेवर घासून घासून वायरचे आवरण नाहीसे झालेले व आतले तांबे उघडे पडलेले दिसले. दिवा बंद असूनही त्या तांब्यात वीज होती, याचे कारण असे की, दोन पायांची पिन भिंतीत कशीही बसते, आणि ती उलटी बसली म्हणजे वायरीवरचे बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडते. दिवा विझतो, परंतु फेज दिव्यापर्यंत जिवंतच राहते. मोटारीच्या यंत्राला अर्थिंगची तार असते, म्हणून असा दोष उत्पन्न होताच बहुधा फ्यूज उडतो. हातप्रेसला अर्थिंग देण्याचे कारणच कधी पडलेले नसते, त्यामुळे सबंध सांगाडा २३० व्होल्टवर बसून कोणाच्या तरी हाताची वाट पाहतो. दिवा बसविताक्षणी ते यंत्र विजेचे यंत्र झाले, ही गोष्ट तेथे कोणाच्या ध्यानातच आली नव्हती.

म्हणून माझे पहिले आणि आग्रहाचे सांगणे असे की, मुख्य पुरवठ्याची वायर यंत्राच्या अंगाला लागूच देऊ नये. भिंतीवर, हाताच्या आणि तेलाच्या कक्षेबाहेर, चांगल्या प्रतीचा १२ व्होल्टचा अडॅप्टर ठेवावा आणि तेथून पुढे प्रेसपर्यंत केवळ १२ व्होल्टच न्यावेत. १९४८ च्या कारखाना अधिनियमानेही टाकी, नळ अशा कोंडलेल्या जागी न्यावयाच्या हातदिव्याला, इतर पुरेशी सुरक्षा-साधने नसतील तर, २४ व्होल्टची मर्यादा घातली होती, ती उगीच नव्हे. हैदराबादच्या ट्रूप बाजारात खरेदी करताना मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे, कारण सजावटीसाठी मिळणारी आणि थेट २३० व्होल्टवर चालणारी एलईडीची पट्टी १२ व्होल्टच्या पट्टीच्या शेजारीच टांगलेली असते आणि दिसावयास बरीचशी तशीच असते. सांगाड्याला अर्थिंग तरीही द्यावे, आणि शेडच्या पुरवठ्यावर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. नुसता एमसीबी वायरीचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे.

आता उजेडाविषयी. त्या शेडमधला दिवा रॅमच्या मागे बसविला असल्याने रॅमची सावली नेमकी डायवर पडत असे, आणि पितळेच्या पट्टीवरून उसळणारी तिरीप कामगाराच्या डोळ्यांत जात असे. म्हणजे जेथे पाहावयाचे तेथे अंधार आणि जेथे पाहावयाचे नाही तेथे झगझगाट! उपरोक्त अधिनियमाच्या १७ व्या कलमात पुरेशा प्रकाशाबरोबरच तिरीप आणि सावली टाळण्याची तजवीज स्वतंत्रपणे सांगितली होती, ती अनुभवी माणसाने लिहिल्यासारखी वाटते. डायच्या दोन्ही बाजूंनी, डोळ्यांच्या पातळीच्या खाली, आडोसा असलेले दोन लहान दिवे ठेवले की एकाची सावली दुसरा पुसून टाकतो. दिवे शक्यतो भिंतीला किंवा वेगळ्या स्टँडला लावावेत, कारण प्रेसचे ठोके खाऊन लोहचुंबकाचे पाय सरकतात आणि दिवा एखादे दिवशी डायमध्येच येऊन पडतो. सांगाड्यावरच लावणे भाग असेल तर रबरी वॉशर आणि चेकनट घालून बोल्टने आवळावा. वायर मागच्या अंगाने, स्क्रूच्या क्लिपांत, थोडी सैल सोडून न्यावी, आणि चिकटपट्टीवर तिळमात्र विसंबू नये. फिरत्या यंत्रांसाठी एक जादा सावधगिरी अशी की, हलक्या प्रतीचा एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आणि त्या उजेडात धावते चाक थांबल्यासारखे भासू शकते.

त्या तरुणाने पुढे सारी व्यवस्था अशीच करून घेतली. खर्च त्याच्या मानाने किरकोळच आला. आपल्या पडवीत असा एखादा प्रेस असेल आणि त्याच्या मानेवर चिकटपट्टीने गुंडाळलेली घरगुती वायर असेल, तर आज दिवेलागणीची वाट न पाहता भिंतीतील पिन काढा आणि ती वायर उतरवून ठेवा.