घटक ५ : नाव न घेण्याची रूढी – भाषा आणि शब्दनिषेध

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला,
• शब्दनिषेधाची संकल्पना मराठी उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाज आणि न्यूझीलंडमधील माओरी समाज यांच्या नामविषयक चालीरीतींतील भेद सांगता येईल.
• आपल्या परिसरातील अशा रूढींची नोंद करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, माझी आजी जिंतूर तालुक्यातील एका खेड्यात राहत असे. लग्नकार्यातला उखाणा सोडला, तर आजोबांचे नाव तिने कधी उच्चारले नाही. ‘हे’, ‘मालक’, ‘तुझे आजोबा’ एवढ्यावर तिचे भागत असे. आजोबांच्या निधनानंतर एका कार्यालयात तिला पतीचे नाव विचारले गेले. ती बराच वेळ गप्प राहिली. शेवटी नाव मी सांगितले. खिडकीपलीकडच्या माणसाला ती गोंधळलेली वाटली असावी. वस्तुतः ती आयुष्यभर पाळलेला भाषेचा एक कडक नियम त्याही क्षणी पाळत होती. या घटकात आपण त्या नियमाचा विचार करणार आहोत.

५.२ मराठीतील शब्दनिषेध

एखादा शब्द ठाऊक असूनही तो उच्चारू नये, असा समाजाचा संकेत असतो, तेव्हा त्यास शब्दनिषेध म्हणतात. आपल्या परभणी जिल्ह्यातही याची उदाहरणे घरोघरी सापडतील. निरोप घेताना आपण ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. रात्री सापाचे नाव न घेता ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हटले जाते. दिवा ‘विझत’ नाही, ‘शांत’ होतो. नारळ ‘फोडण्या’ऐवजी ‘वाढवतात’.

नातेसंबंधांतील निषेध याहून काटेकोर असतो. केवळ पतीचेच नव्हे, तर सासरच्या वडीलधाऱ्यांचे नावही सुनेने घ्यावयाचे नसे. समजा, सासऱ्यांचे नाव तुळशीराम असेल, तर अंगणातल्या तुळशीलाही दुसऱ्या शब्दाने संबोधावे लागे. म्हणजे नावाचा निषेध नावाशी साम्य असलेल्या शब्दांपर्यंत पसरतो. उखाणा ही या निषेधातून समाजानेच ठेवलेली वाट होय. तेथे नाव घेता येते. परंतु यमकाच्या आडोशाने आणि चारचौघांच्या आग्रहाने.

५.३ ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड

अशा निषेधासाठी इंग्रजीत रूढ झालेला ‘टॅबू’ हा शब्द मूळचा पॉलिनेशियन आहे. कॅप्टन कुक यांनी तो १७७७ मध्ये टोंगा बेटांवर ऐकला. माओरी भाषेतील ‘टापू’ हा त्याचाच सगोत्र शब्द.

ऑस्ट्रेलियातील अनेक आदिवासी समाजांत नुकत्याच मृत झालेल्या व्यक्तीचे नाव काही महिने वा वर्षे घेत नाहीत. त्याच नावाच्या हयात व्यक्तीलाही त्या काळात ‘कुमंजयी’सारख्या पर्यायी नावाने हाक मारतात. नावाशी साम्य असलेला नित्याचा शब्दही काही ठिकाणी टाळला जातो आणि त्याऐवजी शेजारच्या भाषेतून शब्द घेतला जातो. आपल्या तुळशीचे उदाहरण येथे आठवावे. उत्तर क्वीन्सलंडमधील जिर्बल भाषेचे व्याकरण आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. सासू-जावई किंवा सासरा-सून एकमेकांच्या कानाच्या टप्प्यात असताना जिर्बल भाषक ‘जलंगुय’ नावाची वेगळी शैली वापरत. तिचे ध्वनी आणि व्याकरण नित्याच्या भाषेचेच होते. शब्दसंग्रह मात्र जवळजवळ संपूर्णपणे निराळा होता.

माओरी रीत याहून वेगळी आहे. अंत्यविधीच्या ‘टांगीहांगा’ या सोहळ्यात मृतदेहाला एकटे ठेवत नाहीत आणि वक्ते मृत व्यक्तीला थेट संबोधून निरोपाची भाषणे करतात. स्वतःची ओळख करून देताना माओरी माणूस परंपरेने आधी आपला पर्वत, नदी, पूर्वजांची नौका व जमात सांगतो आणि स्वतःचे नाव शेवटी घेतो. एक समाज मृताचे नाव टाळतो, दुसरा मृताशी बोलतो. म्हणून ‘आदिवासींच्या चालीरीती’ असे सरसकट विधान अभ्यासकाने करू नये.

५.४ निषेध आणि सत्ता

निषेधामागे आदर असतो, भीती असते आणि पुष्कळदा सत्ताही असते. आपल्याकडे पत्नीने पतीचे नाव घ्यावयाचे नाही. पतीवर मात्र तसे बंधन नसे. इतकेच नव्हे, तर अनेक घरांत लग्नात तिचेच नाव बदलले जाई. ‘बांगड्या वाढवणे’ हा शब्दप्रयोग पाहा. एरवी तो अशुभ टाळणारा सौम्य शब्द वाटतो. परंतु पतीच्या निधनानंतर स्त्रीच्या हातातील बांगड्या फोडण्याची क्रियाही तो झाकतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा शब्दाआडची ही कृती उघडपणे चर्चेत आली. शब्द जपावा, पण तो काय झाकतो हेही पाहावे, ही अभ्यासकाची दुहेरी जबाबदारी आहे.

५.५ सारांश

शब्दनिषेध हे अडाणीपणाचे लक्षण नव्हे. ती नाती आणि भये सांभाळणारी भाषिक व्यवस्था आहे. ती सर्व समाजांत आढळते. तिचे रूप मात्र समाजागणिक बदलते.

५.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा गल्लीतील एखाद्या वृद्ध स्त्रीशी बोला. ती कोणती नावे घेत नाही आणि त्याऐवजी काय म्हणते, याच्या दहा नोंदी करा. नाव उच्चारण्याचा आग्रह धरू नका. तिचे थांबणे, हसणे, दुसऱ्याकडे पाहणे हेही नोंदवा. तीही भाषाच आहे.