औषधनिर्मितीतील दोषसंभव : केवळ गुणाकार पुरेसा आहे काय?

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील ‘शेड्युल टी’ने आयुर्वेदीय फार्मसीला स्वच्छता, नोंदी व तपासणी यांची शिस्त घालून दिली आहे. परंतु कोणत्या दोषाचे निवारण प्रथम करावे, हा क्रम निर्मात्यालाच ठरवावा लागतो. त्यासाठी ‘एफ.एम.ई.ए.’ अर्थात दोषप्रकार व परिणाम विश्लेषण ही पद्धती उपयुक्त आहे. तिचे मूळ १९४९ च्या अमेरिकी लष्करी कार्यपद्धतीत आढळते. प्रत्येक संभाव्य दोषाची तीव्रता, वारंवारता व दोष निसटण्याची शक्यता यांना १ ते १० गुण द्यावयाचे, त्यांचा गुणाकार करावयाचा व मोठ्या अंकाकडे आधी वळावयाचे, ही तिची रूढ रीत होय.

या रीतीतील उणीव बीडसारख्या जिल्ह्यातील लहान फार्मसीच्या कल्पित उदाहरणाने पाहू. पावसाळ्यात त्रिफळा चूर्ण ओलावा धरून गुठळते : ४ × ७ × ३ = ८४. त्रिभुवनकीर्ती रसासाठी घेतलेल्या वत्सनाभाचे शोधन अपुरे राहते : १० × २ × ४ = ८०. म्हणजे गुणाकारानुसार चूर्ण आधी! वस्तुतः गुठळी डोळ्यांना दिसते व माल बाजूला काढता येतो. अशुद्ध वत्सनाभ मात्र रुग्णाच्या हृदयगतीवर प्राणघातक परिणाम करू शकतो.

म्हणून आम्ही पुढील सुधारणा सुचवितो.

१. तीव्रता ९ वा १० असल्यास गुणाकार न पाहता प्रथम उपाय योजावा. अमेरिका व जर्मनीतील मोटार-उद्योगांच्या संघटनांनीही २०१९ च्या संयुक्त पुस्तिकेत गुणाकार सोडून तीव्रतेला अग्रक्रम देणारी कोष्टके स्वीकारली.

२. वैद्य, निर्मितीप्रमुख व कोठाराची जबाबदारी सांभाळणारे यांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत. तफावत पडल्यास सरासरी न काढता तिचे कारण शोधावे.

३. तिसरा गुण प्रत्यक्ष चाचणीवरून द्यावा. वत्सनाभाचे तुकडे तीन दिवस गोमूत्रात, ते रोज बदलून, उन्हात ठेवावयाचे असतात. ढगाळ दिवसांत नोंदवहीतील ‘तीन दिवस’ हा शोधनाचा पुरावा ठरत नाही. बॅचची प्रयोगशाळेत तपासणी हवी.

४. ऋतू किंवा पुरवठादार बदलताच कोष्टक पुन्हा तपासावे. अशोकाच्या सालीत शोभेच्या उंच ‘अशोका’ची साल मिसळली जाते, हे सर्वज्ञात आहे.

आत्ययिक अवस्थेत आपण प्रथम प्राणरक्षण पाहतो. निर्मितीतील दोषांचा क्रमही त्याच दृष्टीने लावला पाहिजे.