माळढोक

मुलांनो, मोर हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे, हे तुम्ही जाणता. १९६३ साली त्यास हा मान मिळाला. त्या वेळी थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी मात्र दुसऱ्याच एका पक्ष्याचे नाव पुढे केले होते. तो पक्षी म्हणजे माळढोक.

माळढोक उभा राहिला म्हणजे सुमारे एक मीटर उंच दिसतो. नराचे वजन कधी कधी १५ किलोग्रॅमपर्यंत भरते. इतके जड शरीर घेऊन आकाशात उडणारे पक्षी जगात थोडेच आहेत. अंग तपकिरी, मान पांढुरकी आणि डोक्यावर काळी टोपी, असा त्याचा थाट असतो. विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवून 'हूम, हूम' असा गंभीर नाद काढतो. तो दूरवर ऐकू जातो. मादी घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवर ती बहुधा वर्षाकाठी एकच अंडे घालते. ते एखाद्या कुत्र्याने किंवा कोल्ह्याने खाल्ले, तर त्या वर्षाची आशा बहुधा तेथेच संपते.

पूर्वी या पक्ष्याची मांसासाठी फार शिकार होई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास सर्वांत कडक संरक्षण दिले. १९७९ साली महाराष्ट्र शासनाने सोलापूर व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांत माळढोकासाठी अभयारण्य घोषित केले. नान्नज हे त्याचे प्रसिद्ध ठाणे. या अभयारण्याचे क्षेत्र किती असावे? तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! हेतू उदात्त होता. पण नकाशावरील त्या रेषेच्या आत करमाळा, कर्जत, श्रीगोंदे यांसारख्या भागांतील गावे, शेते आणि घरेही आली. जमिनीचे व्यवहार अडले. ज्या पक्ष्याला शेतकऱ्याने आपला म्हणावे, तोच त्याला अडचण वाटू लागला. पुढे २०१२ साली हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांपर्यंत कमी करण्यात आले. तोवर पुष्कळ काळ लोटला होता. आता नान्नजला माळढोक क्वचितच दृष्टीस पडतो.

याला आणखी एक कारण आहे. जंगल तोडले की आपण हळहळतो. माळ नांगरला तर कोणी हळहळत नाही. माळाला आपण 'पडीक' म्हणतो, आणि सरकारी दप्तरेही पुष्कळदा तसेच म्हणत आली. मग तेथे विहिरी आल्या, ऊस आला, कारखाने आले. कित्येक ठिकाणी तर जमीन हिरवी करावी, या सद्हेतूने झाडेही लावली गेली. माळढोकाला मात्र दूरवर नजर पोहोचेल असे मोकळे गवत हवे असते. दाट झाडी त्याच्या काय कामाची?

१९६९ च्या सुमारास देशात १,२६० माळढोक असावेत, असा अंदाज होता. आज रानात दीडशेहूनही कमी उरले असावेत, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानातील जैसलमेरच्या परिसरात आहेत. तेथे त्यांच्यापुढे नवे संकट उभे आहे. वाळवंटात ऊन आणि वारा विपुल; म्हणून त्यांपासून वीज निर्माण होते व ती उंच तारांवरून दूर नेली जाते. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. समोरची तार त्यास वेळीच दिसत नाही, आणि जड अंगामुळे ऐन वेळी वळताही येत नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या भागातील तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. तथापि सर्वच तारा पुरणे शक्य नाही, असे दिसून आल्यावर २०२४ साली न्यायालयाने हा प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपविला. धूर न करणारी वीजही देशाला हवी आणि पक्षीही हवा, असा हा पेच आहे.

दरम्यान २०१९ साली केंद्र सरकार, राजस्थानचा वनविभाग व भारतीय वन्यजीव संस्था यांनी जैसलमेरजवळ सम येथे निराळाच उद्योग आरंभिला. रानातील काही अंडी काळजीपूर्वक उचलून ती यंत्राच्या उबेत उबविण्यात आली. ती पिले मोठी झाली. मार्च २०२३ मध्ये त्या केंद्रातच वाढलेल्या मादीच्या अंड्यातून पिलू बाहेर आले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाचा प्रयोगही सफल झाला.

सुदासरीच्या माळावर कुंपण घालून गवताचे काही पट्टे राखले आहेत. कुत्री आणि गुरे तेथे शिरू नयेत, म्हणून ही व्यवस्था. केंद्रात जन्मलेल्या पिलांना, किंवा त्यांच्या पिलांना, एक दिवस अशाच गवतात जावयाचे आहे.