रुग्णवाहिकेचे चालक व्हायचे आहे?

सभासद बंधूंनो, पोरगा उसाचा ट्रॅक्टर सफाईने हाकतो, म्हणून रुग्णवाहिकेवर लागेल असे नाही. आधी परवाना पाहावा. वयाच्या १८ व्या वर्षी हलक्या मोटारीचा शिकाऊ परवाना मिळतो व ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. केंद्राने २०१६ मध्ये शिकाऊ परवान्याला १५०, चाचणीला ३०० व पक्क्या परवान्याला २०० रुपये फी ठरविली. शिकवणीचे पैसे वेगळे. पावती मागून घ्यावी.

सुप्रीम कोर्टाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालाप्रमाणे ७,५०० किलोच्या आतील वाहतुकीच्या गाडीला हाच परवाना चालतो, वेगळी नोंद लागत नाही. गाडीचे वजन आरसी बुकात पाहावे. ‘वेगळी नोंद करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला उसाच्या बिलातले पैसे देऊ नयेत.