तळलेली झुकिनी: तेल आणि पीठही मोजा

झुकिनी आता पुण्या-मुंबईच्या भाजीबाजारात सहज मिळते. इटलीत तिचे काप पिठात घोळवून तळतात, अमेरिकेत ब्रेडचा चुरा लावून तळतात आणि आपल्याकडे तिची भजी होऊ लागली आहेत. वजन किंवा मधुमेहासाठी दवाखान्यात येणारी मंडळी विचारतात, ‘‘डॉक्टर, झुकिनी तर हलकी भाजी. तळून खाल्ली तर काय बिघडलं?’’ झुकिनी हलकी आहेच. पण तळल्यावर तिच्यासोबत तेल आणि पीठ पोटात जातं, आणि हिशोब या दोघांचा ठेवावा लागतो.

भाजीत काय असतं?

१०० ग्रॅम कच्च्या झुकिनीत सुमारे ९५ ग्रॅम पाणी असतं. कॅलरी अवघ्या १७, कर्बोदकं ३ ग्रॅम, तंतू १ ग्रॅम. क जीवनसत्त्व साधारण १८ मिलिग्रॅम, पोटॅशियम २६० मिलिग्रॅमच्या आसपास. सालीत डोळ्यांना उपयोगी असं ल्युटिन असतं, म्हणून साल काढू नका. ल्युटिन अंगी लागायला थोडी स्निग्धता हवी, पण त्यासाठी चमचाभर तेल पुरतं.

कढईत काय होतं?

काप गरम तेलात पडला की त्यातल्या पाण्याची वाफ होऊन बुडबुडे येतात. वाफ जोरात बाहेर पडत असते, तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. काप बाहेर काढून निवू लागला की आतली वाफ विरते आणि वर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून काढल्या काढल्या झाऱ्यातच नीट निथळू द्या आणि लगेच कागदावर टिपून घ्या. त्या अर्ध्या मिनिटात बराच फरक पडतो.

आता आकडे पाहा. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे पोह्याच्या मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२०. १०० ग्रॅम झुकिनीच्या भज्यांत असं दोन चमचे तेल मुरलं आणि ४० ग्रॅम बेसन लागलं, तर १७ कॅलरींची भाजी ४००च्या घरात जाते. घरी एकदा करून पाहा: तळण्याआधी तेल मापून ओता, पूर्ण निवल्यावर उरलेलं मापा. जेवढं कमी भरलं, त्यातलं बहुतेक भज्यांत गेलेलं असतं.

तळायचीच असेल तर

काप फार पातळ करू नका. पातळ कापात तेल जास्त मुरतं. कापांना मीठ लावून दहा मिनिटं ठेवलं की पाण्याचे थेंब सुटतात. ते फडक्याने टिपा. रक्तदाब असलेल्यांनी मीठ न लावता नुसतंच टिपून घ्यावं. दिवसभराचं सगळं मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मैदा किंवा ब्रेडच्या चुऱ्यापेक्षा बेसन बरं, कारण त्यात प्रथिनं आणि तंतू जास्त. पण थर पातळच हवा. मधुमेहींनी लक्षात ठेवावं, इथे साखर वाढते ती मुख्यतः पिठामुळे.

तेल पुरेसं तापू द्या. पिठाचा थेंब टाकल्यावर लगेच वर यायला हवा. कोमट तेलात भजी तेलकट होतात, आणि धूर येईपर्यंत तापवलेलं तेल खराब होतं. रंग सोनेरी आला की काढा. झुकिनी करपवली की ॲक्रिलामाइड हा घटक वाढतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचा कर्करोगाशी संबंध दिसला आहे. हाँगकाँगच्या २०१३च्या आहार पाहणीत परतलेल्या झुकिनीतही तो बऱ्याच प्रमाणात आढळला होता.

तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. हॉटेलांतल्या तळणीच्या तेलात खराब झालेले घटक २५ टक्क्यांहून जास्त नसावेत, असा आपल्याकडे २०१८पासून नियम आहे. घरात मोजायचं साधन नसतं, म्हणून काळपट, चिकट झालेलं किंवा फेस येणारं तेल टाकून द्या.

याहून चांगला मार्ग तव्याचा. चौघांसाठीचे काप दोन चमचे तेलात मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा, वरून मिरपूड आणि लिंबू. खमंगपणा येतो, तेल मात्र आवाक्यात राहतं.

कडू लागली तर खाऊ नका

चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंका आणि ती झुकिनी फेकून द्या. कडू दुधीत असतात तीच क्युकर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं तिच्यात असू शकतात, आणि तळून किंवा शिजवून ती जात नाहीत. जर्मनीत २०१५मध्ये बागेतली कडू झुकिनी खाल्ल्यानंतर ७९ वर्षांचे एक गृहस्थ दगावले. कडू भाजी खाल्ल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

किती आणि केव्हा?

निरोगी माणसाने महिन्यातून एक-दोनदा चार-पाच भजी खाल्ली तर बिघडत नाही. हृदयविकार, वाढलेलं कोलेस्टेरॉल किंवा यकृतावर चरबी असेल, तर तव्यावरचीच खा. पित्ताशयात खडे असणाऱ्यांना तळणीनंतर पोटात कळ येऊ शकते. त्यांनी भजी टाळावीत. ज्या दिवशी भजी कराल, त्या दिवशी पापड-कुरडया तळू नका, आणि भजी झाली म्हणून भाजी झाली असं धरू नका. एक साधी शिजवलेली भाजी आणि कोशिंबीर ताटात हवीच.