रोझा पार्क वेड रोडला नाही

पहिल्या वर्षी मी फळ्यावर दहा अमेरिकन बायकांची नावं लिहिली, प्रत्येकीपुढे साल टाकलं आणि पाठ करून यायला सांगितलं. पुढच्या रविवारी सातवीतल्या एकाने विचारलं, "बेन, रोझा पार्क वेड रोडला आहे ना?" इथे सुरतेच्या कतारगामात जिकडेतिकडे सोसायट्यांच्या नावात पार्क. पोराचं काही चुकलं नव्हतं. मीच नुसती नावं वाटली होती.

तेव्हापासून पद्धत बदलली. आमची शिकवणी घरगुती. मुलं दहा-बारा, बहुतेकांची घरं खानदेशातून आलेली. शाळेत गुजराती, घरी अहिराणी आणि रविवारी माझ्याकडे मराठी. अमेरिकन स्त्रियांच्या इतिहासाचा हा विषय चार रविवारांत बसतो.

साहित्य: जगाचा नकाशा, सुतळी, टाचण्या, एका जुन्या फोटोची मोठी प्रत, प्रत्येकाला एक कोरी वही आणि भिंतीवरचं घड्याळ. यादी नको, तक्ता तर नकोच.

आधी स्वतःची तयारी. पंडिता रमाबाईंनी अमेरिका पाहून लिहिलेलं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे १८८९ चं पुस्तक मिळवून त्यातला तिथल्या बायकांवरचा भाग वाचा. अमेरिकन स्त्रियांची हकिगत मराठी वाचकाला सांगायचं काम एका मराठी बाईने तेव्हाच केलं होतं, हे कळलं की आपण परका विषय शिकवतो आहोत ही धाकधूक जाते.

पहिला रविवार फोटोचा. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियात काढलेला, आपापल्या देशाच्या पोशाखातल्या तीन तरुणींचा. फोटो मधोमध ठेवा आणि पाच मिनिटं काही बोलू नका. ही पाच मिनिटं शिकवणाऱ्याला फार जड जातात, पण मुलं बघतात. साडी कोणीतरी हेरतंच. मग सांगा: ही कल्याणची आनंदी जोशी, ही जपानची केई ओकामी, ही सीरियाची सबात इस्लामबूली. तिघी स्त्रियांसाठी काढलेल्या पेनसिल्व्हेनियाच्या मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी. तिथल्या थंडीत नऊवारी निभेना म्हणून आनंदीबाई गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या, हे ऐकून मुलींचे डोळे चमकतात. सुरतेत वाढलेल्या मराठी मुलीला ही तडजोड समजावून सांगावी लागत नाही.

आता सुतळी. कल्याणला टाचणी, कोलकात्याला दुसरी, तिथून समुद्रावरून न्यूयॉर्क. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई निघाल्या, जूनमध्ये पोचल्या. वय १८. इथे थांबून विचारा, "परक्या गावी उतरवून घ्यायला कोण आलं असेल?" न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येईपर्यंत एक मासिक चाळत बसल्या होत्या. त्यात आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी त्यांचे पती गोपाळराव जोशींनी लिहिलेलं पत्र छापलं होतं. बाईंनी आपणहून पत्र पाठवलं, पत्रांतून माया जडली आणि आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. अमेरिकेच्या इतिहासात या मावशीला कोणी पानभर जागा देणार नाही. माझ्या तासात तिला अर्धा तास मिळतो.

११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविसावं वर्ष पुरं होण्याआधी, पुण्यात आनंदीबाई गेल्या. हे चोरून ठेवू नका, मुलं विचारतातच. त्यांची रक्षा मावशीकडे गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत आहे, म्हणजे सुतळी पुन्हा एकदा समुद्रापार न्यावी लागते. जाता जाता त्याच कॉलेजच्या आणखी दोघी सांगा: कृष्णवर्णीय रिबेका कोल, १८६७ च्या डॉक्टर, आणि १८८९ ची सुझन ला फ्लेश, ओमाहा या मूळनिवासी जमातीची.

दुसरा रविवार मागाचा. सुरतेच्या मुलाला खटखट आवाज शिकवावा लागत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल गावच्या कापडगिरण्यांत १८३० च्या दशकात बहुतेक कामगार शेतकऱ्यांच्या तरुण मुली होत्या. हॅरिएट हॅन्सन दहाव्या वर्षी कामाला लागली. भरलेली बॉबिन काढायची, रिकामी लावायची. पहाटे ५ ते संध्याकाळी ७, न्याहारी आणि जेवणाला अर्धा-अर्धा तास. घड्याळाचे काटे मुलांच्या हातांनी फिरवून घ्या, प्रत्येक तासाला "आत्ता तू काय करत असतोस?" असं विचारा. आकडा अंगावर येतो तो असा.

मग १८३६. गिरणीच्या वसतिगृहांतला राहण्या-जेवण्याचा खर्च वाढवला आणि मुलींनी काम बंद केलं. हॅरिएट अकरा वर्षांची होती. गिरणीत ती काम करायची त्या खोलीतल्या मोठ्या मुली जाऊ की नको करत राहिल्या, तेव्हा ही पुढे झाली आणि बाकीच्या तिच्यामागे निघाल्या. तिची विधवा आई गिरणीचंच वसतिगृह चालवत होती. मुलीच्या या धिटाईपायी आईचं ते काम गेलं. वर्गात दोन तट पाडा: हॅरिएटने बरोबर केलं की चूक? तुमचं मत सांगू नका. माझ्याकडे एका मुलीने आईची बाजू इतकी खमकी मांडली की बाकीचे गप्प झाले. शेवटी एकच प्रश्न: या गिरण्यांना कापूस कुठून येई? दक्षिणेतून, आणि तो वेचणाऱ्यांत गुलाम बायकाही होत्या. मजुरी वाढवून मागायला त्यांना मजुरीच नव्हती.

तिसऱ्या रविवारी शिकवायचं काही नाही. वही घेऊन मुलं घरातल्या एका बाईशी बोलतात: आई, काकी, शेजारची मावशी. कोणी घरी साड्यांचं धागा कटिंग करते, कोणी स्टोन लावते, कोणी कारखान्यात हिरे वेगळे करायला जाते. उठल्यापासून झोपेपर्यंतचे तास लिहायचे आणि ज्याचे पैसे मिळतात त्या तासांखाली रेघ ओढायची. कमाईचा आकडा विचारू नका. तो घरचा मामला.

आता चौथ्या रविवारी रोझा पार्क्स आणा. १ डिसेंबर १९५५, माँटगोमेरी शहर. एका मोठ्या दुकानात कपडे शिवण्या-बसवण्याचं काम करून या कृष्णवर्णीय बाई बसने घरी निघाल्या होत्या. गोऱ्या उतारूसाठी जागा सोडायला नाही म्हणाल्या आणि त्यांना अटक झाली. त्यानंतर तिथल्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. खुर्च्या बसच्या रांगांत मांडा, पण कोणालाही रोझाबाई बनवून रडवू नका. एवढंच विचारा: ३८१ दिवस कामावर जायचं कसं? पायी, ओळखीच्यांच्या गाड्यांतून, हे मुलंच काढतात. मागच्या रविवारची वही उघडून पहिलं काम कितीला सुरू होतं ते बघतात आणि पहाटेचा हिशेब मांडतात.

परीक्षा घ्यायचीच असेल तर एकच प्रश्न द्या: लॉवेलच्या मुलींनी १८३६ मध्ये काम का बंद केलं? राहण्या-जेवण्याचा खर्च लिहिला तर पूर्ण गुण. नुसतं साल लिहिलं तर शून्य.